बाईंच्या आणि ढोलकीच्या मधात

आमच्या स्टुडिओच्या काचेत एक फोटो दीड-दोन महिने लागलेला होता. हिरव्या जाळीच्या मांडवातून उन्हाचा एक पट्टा खाली आलेला, त्यात एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, ओठ किंचित उघडे आणि डोळे थेट बघणाऱ्यावर. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. कॉलेजातली पोरं मोबाइलमध्ये त्या फोटोचा फोटो घ्यायची. एकदा एक शिक्षक आत येऊन म्हणाले, "काय नजर पकडली हो!" स्टुडिओच्या मालकांनी, म्हणजे चाचांनी, माझ्याकडे बोट केलं. "हिनं काढला." मी काउंटरखाली वाकून पाकिटं शोधायला लागले. पाकिटं वरच होती.

ती नजर माझ्याकडे नव्हतीच. बाई माझ्या पाठीमागचं काहीतरी बघायला धडपडत होत्या आणि मी मधे उभी होते. त्यांना जे दिसायला हवं होतं ते मी माझ्या अंगानं झाकलं होतं.

हे लिहूनच काढते. तोंडानं सांगायला गेले की मी मधेच पावसापाण्याचं बोलायला लागते.

मी जत तालुक्यातली. आठवी अर्धी झाली आणि शाळा सुटली, कारण शाळा पुढच्या गावात गेली आणि घरात मी थोरली होते. लग्न झालं. नवरा पोकलेन चालवतो, त्यामुळं मशीन जाईल तिथं तो. कालव्याच्या कामावर ब्रह्मपुरीला आला आणि सहा महिन्यांनी मी आले. एक रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग एसटी. एसटीच्या खिडकीतून बांधांच्या आतलं पाणी बघून मला वाटलं पूर आलाय. शेजारची बाई म्हणाली, "पूर नाई वो, धान आहे." मला पूर नाही एवढंच कळलं; धान म्हणजे भात, हे नंतर.

नवरा सकाळी सहाला जायचा. गल्लीत कुणी काही विचारलं तर मी हसायची, कारण अर्धं कळायचं नाही आणि जे कळायचं त्याला उत्तर द्यायला भीती वाटायची. आमचं बोलणं ऐकून बायका हसायच्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण मी घरात जाऊन रडायची. करायला काही नाही म्हणून रोज दारात मोठी रांगोळी काढायची. भाड्याच्या खोलीचं ते अंगण केवढं, तर तीन फरश्यांचं.

त्या रांगोळीपाशी बाई थांबल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. पोह्याच्या मिलमध्ये पंचवीस-तीस वर्षं काम करून आता सुटलेल्या, आणि गल्लीतल्या महिला भजन मंडळाच्या पुढच्या. पुढच्या म्हणजे भजन उचलणाऱ्या. त्या ओळ म्हणणार आणि बाकीच्या मागून झेलणार. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्या फक्त वाकून बघत होत्या.

"कोन्या गावची वो तू?"

मी सांगितलं.

"कुठी आलं ते?"

"लांब आहे. कर्नाटकाच्या शेजारी."

"बाप्पा! मंग इथी काऊन रांगोळी काढून राह्यली, तिथी काढाची ना." आणि स्वतःच हसल्या. मग बोट माझ्या रेघेवरनं, हवेतच, फिरवलं. "हात थिर आहे तुया. लाईन हालत नाई."

आठ दिवसांनी त्या मला हाताला धरून चाचांच्या स्टुडिओत घेऊन गेल्या. चाचांची मुलगी बायकांच्या कार्यक्रमांचे फोटो काढायची. ती लग्न होऊन नागपूरला गेली होती. हळद, डोहाळजेवण, महिलांची भजनं, अशा ठिकाणी पुरुष फोटोग्राफर नको म्हणणारी घरं बरीच. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"शिकली किती?"

"आठवी."

"पुरी?"

"अर्धी."

"मैं सातवी. चल, तू मेरेसे आगे है."

बाई म्हणाल्या, "हिले कॅमेरा धरू द्या भाऊ. तांदूळ निवडल्यावानी पाहाते हे पोरगी."

एवढ्यावर माझं आयुष्य वळलं. आज मी चार माणसांत मान वर करून चालते, माझ्या हातात काम आहे, घरी आईला फोनवर सांगायला काहीतरी असतं, ते सगळं त्या एका वाक्यामुळं. म्हणून पुढं जे घडलं ते माझ्याच्यानं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर मी एवढी लिहायला बसले नसते.

चाचांनी इकडची झाडीपट्टीची नाटकं, कव्वाल्या, ऑर्केस्ट्रा, भजनं सगळं रीळवाल्या कॅमेऱ्यापासून काढलेलं. लग्नाचे फोटो कसे काढायचे ते त्यांनी मला दोन दिवसांत शिकवलं. गाण्याच्या कार्यक्रमात कसं वागायचं हे शिकवायला मात्र वर्ष घेतलं.

"पहिल्या गान्याले कॅमेरा उचलायचा नाई," ते म्हणायचे. "बसायचं. ऐकायचं. गानारा दम कुठी घेते, मान कोन्या बाजूनं नेते, ते पाह्यचं. दुसऱ्या गान्यापासून तुयं काम." फ्लॅश त्यांनी माझ्या बॅगेतून काढूनच घेतला. "गाताना कोनाच्या तोंडावर पानी मारशील का तू? नाई ना? मंग." सतरंजीच्या काठाला चप्पल सोडायची. पेटीवरून वाकायचं नाही. तोंड पूर्ण वासलेला फोटो कुणाला द्यायचा नाही, ओळ संपता संपता घ्यायचा. माझ्या हातात काचेच्या बांगड्या डझनभर. पहिल्याच कार्यक्रमात त्या माइकजवळ वाजल्या आणि पेटीवाल्यानं असं बघितलं की मी तिथंच घामानं भिजले. दुसऱ्या दिवशी चाचांनी एक जुना मोठा रुमाल दिला. तेव्हापासून गाण्याच्या कार्यक्रमाला गेले की मी आधी बांगड्यांवर रुमाल बांधते, मग कॅमेरा काढते.

आणि शेवटचं, जे ते दर वेळी निघताना सांगायचे, गाडीला किक मारेपर्यंत:

"गानारा अन् वाजवनारा, यायच्या मधात एक दोरी राह्यते. तुले दिसत नाई. त्याईले दिसते. तिच्यात पाय घालू नको."

मी हो म्हणायची. मी सगळ्याला हो म्हणायची. बॅटरी चार्ज आहे का हे चार वेळा बघायची, कार्ड घातलंय का हे पाच वेळा. दोरीचं काय बघायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून ते बघितलं नाही.

बाईंच्या मंडळाच्या बसण्यात एक वेगळेपण होतं. इतर मंडळांत ढोलकी गाणारीच्या उजव्या हाताला बसते, लोकांकडे तोंड करून. यांची ढोलकी बसायची बाईंच्या समोर, तिरकी, लोकांकडे अर्धी पाठ करून. ढोलकी वाजवायच्या बाईंच्या नणंद, बारीक, काटक, कायम पान खाणाऱ्या. दोघींच्या मधे चार हात मोकळी सतरंजी. लोक चेष्टा करायचे, "तुमची ढोलकी लोकाईकडं पाठ करून काऊन बसते?" बाई म्हणायच्या, "तिले लाज वाटते." नणंद म्हणायच्या, "मायं तोंड पाह्यलं तं भजन कोन आयकन?" सगळे हसायचे आणि विषय संपायचा. मीही हसायची. पण फोटोवालीच्या डोळ्यानं मला ती पाठ नकोशी वाटायची. कुठूनही घ्या, बाईंचा चेहरा आणि खाली कोपऱ्यात एक मोठी जांभळी पाठ.

तो दिवस स्पर्धेचा. सावली तालुक्यातल्या एका गावात, धान निघाल्यानंतरचे दिवस. शाळेच्या पटांगणात हिरव्या जाळीचा मांडव, वीस-बावीस मंडळं, प्रत्येकाला दोन भजनं, वेळ संपली की घंटा. बाईंचं मंडळ तिथं नेहमी वरच्या नंबरात. पण त्या वर्षी मंडळातच कुजबुज होती. एक अंगणवाडीताई मंडळात नवीन आल्या होत्या. गोड गळा, पाठांतर पक्कं. जीपमध्ये जाताना कुणीतरी म्हणालंच, "आता बाईनं एक भजन ताईले द्याले पाह्यजे. वय झालं." बाई पुढच्या सीटवर होत्या. ऐकलं की नाही कळलं नाही. त्या खिडकीतून शेतं बघत होत्या. नणंदबाईंनी मात्र मागं वळून म्हटलं, "वय तं तुयंबी होते. तू काय भजन सोडून राह्यली का?" पण सगळ्यांना कळलं होतं की आज बाई चुकल्या तर ती पुढची जागा जाणार.

दुपारी एकच्या सुमाराला नंबर आला. पहिलं भजन मी नियमानं ऐकलं. कॅमेरा मांडीवर. बाईंनी छान म्हटलं. प्रत्येक कडव्याआधी नणंदबाई ढोलकीचा एक तोडा वाजवायच्या, तोडा संपला की बाई ओळ उचलायच्या, मागच्या झेलायच्या. टाळ्या पडल्या.

दुसरं भजन सुरू झालं आणि जाळीला एका ठिकाणी फाटलेलं होतं तिथून ऊन बाईंच्या तोंडावर आलं. बाकी सगळं मांडवाच्या हिरव्या सावलीत आणि फक्त बाईंचा चेहरा उजेडात. मी बाजूनं एक घेतला. खाली पाठ. गुडघ्यावर सरकून दुसरा घेतला. पाठ. मला एवढंच आठवतंय की मला तो फोटो हवा होता. आईला पाठवीन, असं तेव्हा मनात आलं. चाचा काचेत लावतील असंही आलं. आणि समोर चार हात सतरंजी मोकळीच होती, तिथं कुणी बसत नव्हतं, जणू फोटोवालीसाठीच ठेवलेली.

मी वाकून आत शिरले. एका गुडघ्यावर बसले. पाठ माझ्या मागं गेली, फ्रेम स्वच्छ झाली. ढोलकीचा तोडा माझ्या कानामागं वाजला. तोडा संपला. बाईंनी ओळ उचलली नाही.

मला वाटलं श्वास घेताहेत. मी बटण दाबलं. त्यांनी मान डावीकडे केली, मी दाबलं. उजवीकडे केली, दाबतच राहिले. मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितल्यासारखं वाटलं, तोंड किंचित उघडलं, आणि तोच तो फोटो. मागं ढोलकीनं तोडा पुन्हा वाजवला. बाईंनी ओळ उचलली ती तोड्याच्या मधेच. मागच्या निम्म्या बायका बाईंबरोबर गेल्या, निम्म्या ढोलकीबरोबर. झांजा तिसरीकडेच. चार-पाच क्षण सगळा गोंधळ भोंग्यातून गावभर गेला. बाई थांबल्या. लोकांना हात जोडले. पुन्हा सुरुवात केली. तोवर मी बाजूला आले होते, फोटो झाला होता म्हणून. कडवं नीट झालं, पण पुढच्या कडव्यात घंटा वाजली.

येताना जीपमध्ये कुणी कुणाला लागेल असं बोललं नाही, तेच जास्त वाईट होतं. मूल गेल्याच्या घरी बोलतात तसं सगळ्या मोघम बोलत होत्या, धान कसं उतरलं, कुणाच्या जावेला मुलगा झाला. सावलीच्या नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा बाईच म्हणाल्या, "पुढच्या बारीपासून ताईनं उचलाचं. मी मागं बसीन."

अंगणवाडीताई रडायला लागल्या. "नाई वो बाई, असं काऊन म्हन्ता."

"रडते काऊन? गळा चांगला आहे तुया. मायं आता झालं."

मी चहाचा कप हातात धरून उभी होते. बोलायला हवं होतं. माझी एक ओळ पुरली असती, की मी मधे शिरले होते. पण मला तेव्हा नीट कळलंही नव्हतं की मी नेमकं काय केलं. शंका होती. शंकेवर बोलून चारचौघींत हसं कशाला, आणि उद्या चाचांच्या कानावर गेलं तर, असं म्हणून मी गप्प बसले. चहा गार झाला तो मी तसाच प्यायले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो टाकले तेव्हा शंका उरली नाही. एकामागून एक बघितले की दिसत होतं. बाईंची मान डावीकडे, डोळे माझ्या खांद्यापलीकडे. मान उजवीकडे, डोळे माझ्या दुसऱ्या खांद्यापलीकडे. हनुवटी वर, गर्दीत हात सुटलेल्या पोरीसारखी. त्या शोधत होत्या. चाचा तेव्हा नमाजाला गेले होते. ते यायच्या आत मी शोधणारे अकरा फोटो काढून टाकले. कचऱ्याच्या डब्यातूनही काढले. एकच ठेवला.

चाचा आले. त्या एकासमोर बराच वेळ उभे राहिले.

"अन् बाकीचे?"

"हलले चाचा."

"तुया हात हालला?"

"हो."

आठवड्यानं त्यांनी तो मोठा करून काचेत लावला.

दीड-दोन महिन्यांनी नणंदबाई आल्या, कुठल्यातरी फॉर्मसाठी फोटो हवे होते. चाचा बाहेर गेले होते. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पान थुंकून या म्हटलं, थुंकून आल्या. फोटो झाले. पाकीट घेऊन उठल्या नाहीत.

"तो फोटो बाहेरचा, तू चांगला काढला."

मी कॅमेऱ्याला झाकण लावायला लागले.

"तुले म्हनून सांगते, कोनाले सांगू नको. तिले डाव्या कानानं काहीच आयकू येत नाई. उजव्यानं थोडं. मिलमधी गेला कान. भोंगा सुरू झाला का तिले निस्ती घरघर आयकू येते. ती माया हात पाहून गाते. तोडा झाला का मी डावा हात अस्सा उचलते" – त्यांनी गुडघ्यावरून हात दोन बोटं वर उचलला – "का ती उचलते. म्हनून मी समोर बसते. सात-आठ वर्सं झाले. कोनाले पत्ता नाई."

मला स्टुडिओतला पंखा मोठ्यानं ऐकू यायला लागला.

"त्या दिवशी मायाच हात वर आला नसन," त्या म्हणाल्या. "मी खूप आठवून पाह्यलं. मले वाटते मी उचलला. पन नसन उचलला. ती मले काईच बोलत नाई, म्हन्ते तुयं काई चुकलं नाई, मीच चुकली. मले रात्री झोप नाई वो. तिची जागा गेली ते माया हातानं."

आणि त्या रडल्या, पानानं लाल झालेल्या तोंडानं, पदर दाबून. मी त्यांना पाणी दिलं. तेव्हाही सांगितलं नाही. पाणी देऊन "बसा थोडं" म्हणाले. त्या गेल्यावर पाकीट काउंटरवरच राहिल्याचं दिसलं आणि ते द्यायला मी गल्लीत पळत गेले, पाकीट दिलं आणि परत आले. दोनदा संधी आली, दोनदा सोडली. आपलं पाप दुसरं कुणीतरी डोक्यावर घेऊन फिरतंय आणि आपण त्याला पाणी देतोय, हे मला माझ्याबद्दल आधी माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी गेले. त्या अंगणात सुपात पोहे पाखडत होत्या. मी समोर बसले, उजव्या बाजूला, आता माहीत होतं म्हणून. मोठ्यानं बोलायचं होतं आणि लाजेनं आवाज फुटत नव्हता.

"बाई, त्या दिवशी मी मधे बसले होते. तुमच्या आणि ढोलकीच्या. तुम्हाला हात दिसला नाही तो माझ्यामुळं."

त्यांनी सूप थांबवलं नाही. "मले माहीत आहे."

"कधीपासनं?"

"कधीपासून काय? तू माया समोर होती. पिवळी ओढनी. पिवळ्या ओढनीशिवाय मले काईच दिसत नव्हतं."

"मग बोलला का नाही?"

आता त्यांनी सूप खाली ठेवलं. "काय बोलू? फोटोवाली मधात आली म्हनून चुकली, असं? मंग लोक इचारन, मधात आली तं आली, कानं नाईत का तुले? काय सांगू त्याईले?" मग म्हणाल्या, "अन् तुयं नाव सांगतलं असतं तं चाचानं ठेवलं असतं का तुले? मीच तं नेलं होतं."

मी रडायला लागले. त्यांना ते फारसं आवडलं नाही. "चूप. शेजारचे पाहून राह्यले. पोहे घेऊन जा थोडे."

"नणंदबाईंना वाटतंय त्यांचा हात वर आला नाही."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. चेहरा बदलला. "तिनं सांगतलं तुले?"

"स्टुडिओत रडल्या."

"येडी." पोह्यातला एक खडा काढून त्यांनी लांब फेकला. "जाय. तिले सांग. आत्ताच जाय. तिले तूच सांग, मी सांगतलं तं तिले वाटन मी समजूत काढून राह्यली."

मी गेले. नणंदबाईंनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "म्हनजे माया हात बरोबर होता?" मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं. हो म्हटलं. मग मला शिव्या दिल्या, इथं लिहिता येत नाहीत अशा, आणि मला त्या ऐकताना हलकं वाटत गेलं. शिव्या संपल्यावर म्हणाल्या, "मंग ती मागं काऊन बसून राह्यली?" आणि चप्पल घालून वहिनीच्या घराकडे निघाल्या.

चाचांना त्याच दिवशी सांगितलं. काढून टाकलेल्या अकरा फोटोंसकट. बाईंचा कान तेवढा सांगितला नाही, तो माझा नव्हता. त्यांनी विचारलंही नाही. माणूस पन्नास वर्षं गाणाऱ्यांकडे बघत आलेला, त्यांनी काय ओळखलं असेल ते असेल. ते उठले, काचेतून फोटो काढला, उलटा करून कपाटामागं ठेवला.

"तुया हात हालत नाई," ते म्हणाले. "त्याच दिवशी समजलं होतं. मी वाट पाहून राह्यलो होतो."

मग दोन महिने मी पासपोर्ट फोटो काढले आणि बारशांना गेले. गाण्याचा एकही कार्यक्रम नाही. मला वाटलं होतं काढून टाकतील. अजूनही रोज सकाळी शटर उघडं दिसलं की मी मनात त्यांना हात जोडते.

पुढची हकीकत थोडी आहे. मंडळात नणंदबाईंनी काय सांगितलं मला माहीत नाही. कानाचं सांगितलं नसावं. पण चैत्रात गल्लीतल्या देवळात भजन होतं तेव्हा सगळी भजनं ताईंनी उचलली आणि शेवटचं एक बाईंना दिलं. नणंदबाई उठल्या, ढोलकी घेऊन समोर आल्या, लोकांकडे पाठ करून बसल्या. मागून कुणीतरी ओरडलंच, "आली लाजरी!"

चाचांनी मला पाठवलं होतं. मी बांगड्यांवर रुमाल बांधला, आणि मग कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. मोबाइलवाल्या पोरांची गर्दी पुढं सरकत होती. एक जण सतरंजीवर पाय टाकायला आला, त्याला मी हातानं अडवलं. "दादा, तिथनं नको." दुसरा आला, त्यालाही. ती चार हात जागा मोकळी राहावी म्हणून मी कडेला उकिडवी बसून राहिले. एक ओळखीची बाई म्हणाली, "फोटोवाली, काहाड ना फोटो, बसली काऊन?" मी मान हलवली.

पहिलं कडवं बाईंनी सुरेख उचललं. दुसरंही. तिसऱ्याच्या आधी तोडा संपला, नणंदबाईंचा हात गुडघ्यावरून वर आला, मी स्वतः बघितला, मधे कुणीही नव्हतं. आणि बाईंनी उचलायला उशीर केला. अगदी थोडा. पण केला.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिलं. मला बरं वाटलं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. म्हणजे त्या चुकतातच, म्हणजे तेव्हाही मीच होते असं नाही. हे सगळं माझ्या मनात एका ओळीच्या आत येऊन गेलं. आणि मग मी बाईंकडे बघितलं. त्यांनी नणंदेच्या हातावरची नजर काढली नव्हती. मिलच्या घरघरीतून त्या तो हात घट्ट धरून होत्या आणि पुढच्या ओळीला तालात परत आल्या. मागच्या बायकांनी झेललं. बहुतेक लोकांना काही झालं हे कळलंही नसेल.

त्या भजनाचा एकही फोटो नाही. चाचांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, काढला नाही. हलला म्हटलं नाही.